चाळीस फुटी भिंत नको, आधी तालीम जमवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघं मित्र गेली काही वर्षं ट्रेक करताय, दोराचं प्राथमिक काम शिकलाय. उद्यमनगरात काकांचं पत्र्याचं शेड रिकामं आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथं कर्ज काढून चाळीस फुटी क्लाइंबिंग वॉल उभी करायची आणि प्रस्तरारोहक, गिर्यारोहक, ट्रेल रनर अशा सगळ्यांसाठी जिम काढायची. कोल्हापुरात हे चालेल का आणि सुरुवात कुठून करू?

चालेल. पण चाळीस फुटी भिंतीपासून सुरुवात करू नका, आणि कर्ज तर अजिबात काढू नका.

उंच भिंत दिसायला देखणी असते, उद्घाटनाचे फोटोही छान येतात. पुढचं गणित बघा. एक माणूस वर चढतो तेव्हा दुसरा खाली बिले देण्यात, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळण्यात, अडकतो. दहा जण आले तर पाचच जण चढणार. दोर, हार्नेस, अँकर यांची नियमित तपासणी लागते. जिम उघडी असेल तितका वेळ जाणकार माणूस हजर लागतो. पाया आणि वाऱ्याचा भार वेगळाच. आणि भिंत उघड्यावर असेल तर जून ते सप्टेंबर ती बंदच राहणार. सह्याद्रीतले सुळके नेमके तेव्हाच ओले, शेवाळलेले असतात, म्हणजे लोकांना आत सराव करायला जागा हवी असते ती याच महिन्यांत.

शिवाय ताकद उंचीमुळे येत नाही, भिंत अंगावर किती झुकलीय त्यामुळे येते. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिश या प्रस्तरारोहकाने 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या एका जिममध्ये तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न लावता नुसत्या बोटांवर वर जायचा सराव केला. त्या फळीला कॅम्पस बोर्ड म्हणतात. 1991 मध्ये त्याने ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हा कड्यावरचा मार्ग चढून दाखवला, तेव्हा जगात त्याहून अवघड मार्ग नव्हता असं मानतात. इंग्लंडचा प्रस्तरारोहक बेन मून याचा मूनबोर्ड, म्हणजे सरावाची तिरकी भिंत, आज जगभर वापरतात. त्याचं माप काय? उंची 3.15 मीटर, रुंदी 2.44 मीटर, झुकाव 40 अंश. जरा उंच छताच्या खोलीत मावतो.

तर तुमच्या शेडमध्ये असाच एक बोर्ड बसवा. सोळा फूट रुंद, तिरक्या मापाने बारा फूट लांब, उभ्या रेषेपासून 40 अंश पुढे झुकलेला. बारा फुटांचं पॅनेल या कोनात उभं केलं की उंची सव्वानऊ फूट भरते, खाली फूटभर सरळ पट्टी धरली तरी साडेदहाच्या आत. पॅनेलला आठ बाय चारच्या सहा शीट लागतात. प्लाय 18 मिमीचा आणि मरीन दर्जाचा, आयएस 710 चा शिक्का बघूनच घ्या. दर 20 सेंटीमीटरला एक भोक धरलं तर एका शीटवर बारा बाय सहा, म्हणजे 72 टी-नट (प्लायच्या मागे बसणारे नट, त्यांत पुढून बोल्ट पिळून होल्ड, म्हणजे हाता-पायाचे खुंट, बसवतात). सहा शीटना 432, वर पन्नासेक जादा आणून ठेवा.

टी-नटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं काटकसर करणारे पुढं वर्षभर वैतागतात. दातेरी टी-नट स्वस्त पडतात, मागून हातोड्याने ठोकले की बसतात. पण बोल्ट तिरका शिरला आणि कुणी जोर लावून पिळला, की नटाचे दात प्लायमधून सुटतात आणि नट जागच्या जागी फिरायला लागतो. मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो, होल्ड अर्धवट लटकत राहतो आणि मागे हात घालायला जागा नसेल तर बोल्ट कापावा लागतो. म्हणून मागून तीन-चार स्क्रूंनी पक्के होणारे एम10 टी-नट घ्या. भोकं पुढच्या बाजूने पाडा, म्हणजे प्लायचे पापुद्रे निघाले तर मागे निघतील. सांगाडा भिंतीपासून इतका पुढे घ्या, की मागे एक माणूस पाना घेऊन उभा राहू शकेल.

सांगाड्यासाठी तुम्हाला लांब जावं लागणार नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं चौकोनी पाइपाचं काम करणारे इतके कारागीर आहेत, की पुण्या-मुंबईच्या क्लाइंबरना हेवा वाटेल. फक्त दोन गोष्टींवर अडून राहा. माप आणि जोड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, कारण माणूस होल्डवर उडी मारून लटकतो तेव्हा भार त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त होतो. आणि मुख्य जोड वेल्डिंगचे न करता नट-बोल्टचे ठेवा. शेड काकांचं असलं तरी उद्या विकलं जाऊ शकतं. भिंत सुटी करून टेम्पोत घालून नेता आली पाहिजे. भाडेकरारही लेखी करा. नात्यात तो मागायला अवघड वाटतं, तरी मागा.

आता गाद्या. माझं ठाम मत आहे, की एकूण पैशातला निदान तिसरा हिस्सा गाद्यांवर खर्च व्हावा. होल्ड कमी चालतील. सागवानाचे, शिसवीचे तुकडे घासून, कडा गोल करून सुतार उत्तम होल्ड बनवून देतो, बोटांची सालंही कमी निघतात. गादीला असा पर्याय नाही. एकूण जाडी तीसेक सेंटीमीटर धरा. खाली मऊ फोमचा जाड थर, त्यावर पाच-सात सेंटीमीटरचा कडक ईव्हीए फोमचा थर. वरचा थर नसेल तर पाय फोममध्ये रुततो आणि घोटा पिरगळतो. दोन गाद्यांच्या मधली फट ही सगळ्यांत वाईट जागा. बोर्डवरचा माणूस कधी पाठीवर पडतो, कधी एका पायावर, आणि तो पाय फटीत गेला की संपलं. म्हणून सगळ्या गाद्यांवरून एकसंध ताडपत्री ओढा आणि कडांना वेल्क्रोने घट्ट बांधा. ट्रकचे हूड शिवणारे हे काम नीट करून देतात. बोर्डचं वरचं टोक जमिनीवर जिथं येतं, त्याच्यापुढे आणखी दोन मीटर गादी हवी. म्हणजे तळापासून मोजली तर चौदा-पंधरा फूट लांब, आणि रुंदीलाही दोन्ही बाजूंना जादा.

आणि पाणी. कोल्हापुरात जागा बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, पुराचा. 2019 ला आणि 2021 ला त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, पूररेषेचा नकाशाही बघा. फोम एकदा पुराच्या पाण्यात भिजला की फेकूनच द्यावा लागतो. पूर नसला तरी आपल्याकडची पावसाळी हवाच पुरेशी आहे. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वॉर्निश मारा, गाद्या पॅलेटवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल, दोन मोठे एक्झॉस्ट फॅन बसवा. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, तेव्हाही हेच फॅन उपयोगी पडतील. सुटा चॉक (हात कोरडे ठेवायची पांढरी भुकटी) बंद ठेवा, लिक्विड चॉक किंवा चॉकचा गोळाच वापरायचा असा नियम करा. नाहीतर ती भुकटी सगळ्यांच्या छातीत जाते.

पण हे सगळं विकत घेण्याआधी माणसं जमवा. माझ्या उत्तरातला मुख्य मुद्दा हाच आहे. कोल्हापूरला जिम कशी चालवायची हे बाहेरून शिकायची गरज नाही, आपल्याकडे तालमी आहेत. तालमीत किल्ली चार-पाच जणांकडे असते, पहाटे कुणीतरी दार उघडतो. जुना पैलवान नव्या पोराला धरून शिकवतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. वस्तादांचा शब्द चालतो. आणि पेठेला ती जागा आपली वाटते. याच तालमींनी कुस्तीच्या पलीकडे जाऊन फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल यांचे सामने असले की शाहू स्टेडियम कसं भरतं हे तुम्हाला मी काय सांगावं. ज्या गावाने हे केलं, त्या गावात प्रस्तरारोहणाची तालीमही उभी राहू शकते. मुंबईच्या गिरिविहारचं उदाहरण घ्या. 1954 पासूनची, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी संस्था, आणि तिने 2016 मध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा, विश्वचषक नवी मुंबईत भरवला. त्यामागे वर्षानुवर्षं जमवलेली माणसं होती.

म्हणून आत्ता दर रविवारी पहाटे जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याचा चढ ठरवून टाका, न चुकता. आठवड्यात दोन संध्याकाळी शेडमध्ये पुल-अप बार, दोन सँडबॅग, लाकडी खोकी एवढ्यावर सराव घ्या. वीस-पंचवीस माणसं सलग काही महिने टिकली, की त्यांच्याच वर्गणीतून प्लाय आणा आणि त्यांच्याच हातांनी भोकं पाडा. स्वतः ठोकलेल्या भिंतीची माणूस काळजी घेतो. दिवाळीनंतर काम काढलं तर मेअखेर बोर्ड तयार होईल आणि पाऊस सुरू होताना दार उघडेल. चढाईतला माणूस तेव्हाच आत यायला आतुर असतो.

शिकवण्यात एक धोका आपल्याकडे जास्त आहे. इथली पोरं जोर-बैठकांवर वाढलेली, पाठ आणि खांदे दणकट. पहिल्याच महिन्यात ती अशा होल्डवर लटकायला लागतात, जिथं पोचायला बारीक मुलाला वर्ष लागतं. पण स्नायू लवकर तयार होतो, बोटातले स्नायुबंध फार सावकाश. ताकदवान पाठ आणि कच्ची बोटं एकत्र आली की बोटाच्या मुळाजवळची पुली, म्हणजे स्नायुबंध हाडाला धरून ठेवणारी पट्टी, फाटते, कधीकधी खट्कन आवाज येतो आणि पुढचे काही महिने गेले. पहिलं वर्षभर हँगबोर्ड (बोटांवर लटकायची फळी) नाही, बोटं पूर्ण दुमडून वर अंगठा दाबायची पकड शक्यतो नाही, सलग दोन दिवस बोर्ड नाही. वाढत्या वयातल्या मुलांना कॅम्पस बोर्ड पूर्ण बंद, कारण त्यांच्या बोटांच्या हाडांतल्या वाढीच्या पट्ट्यांना इजा होऊ शकते. मुलाचं मधलं बोट सांध्यावर दुखत असेल तर ‘होईल बरं’ म्हणून सोडू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हे नियम वस्तादांच्या अधिकाराने सांगणारा कुणीतरी पाहिजे.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी शेडमध्ये फार काही लागत नाही. चढ-उतार करायला बारा ते चौदा इंची खोकं, पाठीवर सॅक आणि वेळ. त्यांचा खरा सराव पन्हाळ्याच्या चढावर होतो, आणि तोही बहुतेक वेळा इतक्या सावकाश, की चालता चालता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. सगळेच दर वेळी धापा टाकत पळतात आणि वर्षभर तिथंच राहतात. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून चढा आणि वर गेल्यावर पाणी झाडांना घाला, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. हिमालयाची उंची मात्र कोल्हापुरात मिळणार नाही, आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास राहतो. शिखरावर जायचं असेल त्याला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स करायला पाठवा. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरने 2022 मध्ये एव्हरेस्ट गाठल्यापासून मुली विचारायला येतात, त्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

मुलींचा विषय निघालाच आहे तर: ‘महिलांसाठी दुपारी दोन ते चार’ असली वेळ ठेवू नका, त्या वेळेला कुणी येत नाही. संध्याकाळची वेळ सगळ्यांची ठेवा, आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ संडास करा, आणि किल्लीवाल्यांत निदान दोघी असू द्या.

खऱ्या खडकासाठी पन्हाळ्याच्या कड्यांना हात लावू नका. तो संरक्षित किल्ला आहे आणि 2025 पासून जागतिक वारशात आहे, तिथं बोल्ट ठोकणं, चॉक लावणं असलं काही चालणार नाही. शिवाय वरचा जांभा आणि खालचा बेसॉल्ट, दोन्ही ठिकठिकाणी सैल आहेत. कर्नाटकातल्या बदामीचा वालुकाश्म मुंबई-पुण्याच्या लोकांपेक्षा आपल्याला जवळ आहे. थंडीत जोडून सुट्ट्या आल्या की सगळ्यांना घेऊन जा, तिथं बोल्ट केलेले मार्ग आहेत आणि बोर्डवरची ताकद कळून येते.

कागदपत्रं थोडक्यात. सात जण मिळून संस्था नोंदवा, धर्मादाय कार्यालयात काम होतं. बँक खातं संस्थेच्या नावावर, महिन्याचा जमाखर्च शेडमध्ये भिंतीवर लावलेला. लहान मुलांसाठी पालकांची सही घ्या, पण सही घेतली म्हणजे तुमची जबाबदारी संपत नाही, विमाही काढा. बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन सहली न्यायच्या असतील तर राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण वाचा, नोंदणी लागते. प्रथमोपचार शिकलेला एक जण प्रत्येक वेळेत हवा, आणि जखमीला सीपीआर रुग्णालयात कुणाच्या गाडीतून न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं.

फीबद्दल तुम्ही विचारलंत. भाडं, वीज आणि दरवर्षी गाद्यांसाठी बाजूला काढायची रक्कम यांची बेरीज करा आणि पंचवीस जणांत वाटा, तीच वर्गणी. विद्यार्थ्याला परवडत नसेल तर त्याने आठवड्याला एकदा होल्ड धुवावेत आणि नवे मार्ग लावायला मदत करावी, त्याची वर्गणी भरली असं धरा.

शेडची लांबी-रुंदी, पत्र्याच्या सर्वांत खालच्या टोकाची उंची आणि खांबांमधलं अंतर मोजून इथंच लिहा. खालची उंची अकरा फुटांपेक्षा कमी निघाली तर पॅनेल आखूड करावं लागेल किंवा कोन 45 अंशांवर न्यावा लागेल, ते मी काढून देतो.