अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा कारभार नक्की कोण चालवतं? (व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहायला जातोय)

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांची व्यवस्था, आणि काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. हा कारभार चालवतं, थोडक्यात सांगायचं तर, निवडून आलेलं स्कूल बोर्ड. फेअरफॅक्समध्ये त्याचे 12 सदस्य असतात : 9 आपापल्या भागातून, 3 संपूर्ण काउंटीतून. शिवाय एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो, पण त्याला मत नसतं. बोर्ड सुपरिंटेंडेंट (शाळांचा मुख्य प्रशासक) नेमतं आणि रोजचा कारभार त्याच्याकडे असतो.

खरी गंमत पैशांत आहे. व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही. काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स (काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ) घरपट्टी वसूल करतं आणि आपल्या मुख्य निधीतला निम्म्याहून जास्त हिस्सा शाळांना देतं. राज्य आणि केंद्राकडूनही काही पैसे येतात. म्हणून दर वसंतात बजेटवरून दोन्ही बोर्डांत खडाजंगी ठरलेली. जनसुनावणीत पालकही बोलू शकतात. एकदा जाऊन बघाच.

डिस्ट्रिक्टच्या शाळांत सुमारे 1 लाख 80 हजार मुलं आहेत, पिवळ्या बसचा भलामोठा ताफा आहे. फी नाही. शाळा मात्र पत्त्यावरून ठरते, त्यामुळे भाडेकरार करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर तो पत्ता टाकून पाहा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, हद्दी बदलतात. किंडरगार्टनसाठी 30 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. लसीकरणाची कागदपत्रं भारतातूनच घेऊन या. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर वेगळी मदत मिळते, तीही फुकट. आणि हो, अलीकडे शाळेच्या कॅलेंडरात दिवाळीचीही सुट्टी असते.