क्रूझवर निघण्यापूर्वी : प्रकृतीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत आणि पुढील महिन्यात प्रथमच क्रूझवर जाणार आहोत. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरल्याच्या बातम्या वाचून मुले काळजीत पडली आहेत. ही भीती कितपत खरी आहे, आणि सॅनिटायझरची बाटली सतत जवळ ठेवली तर पुरेसे होईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची गफलत तेथेच होते. सॅनिटायझर पुरेसे नाही. अशा साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो, आणि अल्कोहोलने विरघळेल असे मेदाचे आवरण या विषाणूभोवती नसल्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबणानेही तो मरतो असे नव्हे; परंतु 20 सेकंद हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की तो हातावरून निघून जातो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

हात केव्हा धुवायचे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. प्रवासी बुफेकडे जाताना हात धुतात, मग शेकडो लोकांनी हाताळलेले वाढण्याचे चमचे हाती घेतात आणि त्याच हाताने पाव मोडून खातात. म्हणून वाढून घेतल्यानंतर, पहिला घास घेण्यापूर्वी हात धुवावेत. हा विषाणू कठडे, लिफ्टची बटणे, दारांच्या मुठी अशा जागी कित्येक दिवस टिकू शकतो आणि संसर्गाला त्याचे मोजके कण पुरतात; तेव्हा जेवताना मोबाइल बाजूला ठेवणे हेही शहाणपणाचेच आहे.

आता भीतीविषयी. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे 1 टक्काच असतात. वृद्धाश्रम, रुग्णालये, उपाहारगृहे यांचा वाटा कितीतरी मोठा असतो. तरीही बातमी जहाजाची होते, कारण जहाजावर मोजदाद सक्तीची आहे. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांना पोटाच्या विकारांची नोंद ठेवून ती सीडीसी या शासकीय संस्थेला कळवावी लागते, आणि तेथे 3 टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की साथ जाहीर होण्याचा निकष ठरलेला आहे. हीच संस्था जहाजांची पूर्वसूचना न देता तपासणी करून 100 पैकी गुण देते, 85 किंवा त्याहून कमी गुण मिळालेले जहाज अनुत्तीर्ण ठरते, आणि हे निकाल कोणालाही पाहता येतात. आपले जहाज अमेरिकेच्या फेऱ्या करणारे असल्यास मुलांना ते जरूर पाहू द्यावेत.

इतके करूनही आजार झालाच, तर संसर्गानंतर साधारण 12 ते 48 तासांत उलट्या सुरू होतात आणि 1 ते 3 दिवसांत बहुतेकांना उतार पडतो. या विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. खरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो आणि तो वयस्करांना अधिक असतो. म्हणून ओआरएसची पाकिटे सामानात असावीत आणि ते घोटाघोटाने पीत राहावे. लघवी फार कमी होणे, उभे राहताच घेरी येणे, शौचातून रक्त पडणे यांपैकी काहीही झाल्यास केबिनमध्ये वाट पाहत बसू नये.

एक गोष्ट थोडी कठोर वाटली तरी सांगतो. पुष्कळ प्रवासी जहाजावर चढताना भरायच्या आरोग्यपत्रकात आदल्या रात्रीचे जुलाब लपवतात, आणि आजारी पडल्यावरही केबिनमध्ये राहावे लागेल, किनाऱ्यावरची सहल बुडेल, या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. साथ पसरते ती बहुधा अशाच लोकांमुळे. लक्षणे थांबल्यानंतरही निदान एक दिवस इतरांपासून दूर राहावे, आणि विषाणू शरीरातून दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ बाहेर पडत असल्यामुळे हात धुण्यात त्यानंतरही ढिलाई करू नये.

प्रश्न : मला लहानपणापासून बोट लागते. गोळी केव्हा आणि कोणती घ्यावी? केबिन कोठे घ्यावी?

उत्तर : केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक जाणवतात. अंतर्कर्णाला हालचाल जाणवते, पण बंद खोलीत डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. त्यामुळे त्रास वाटू लागताच पुस्तक मिटून मोकळ्या डेकवर यावे आणि क्षितिजाकडे पाहावे. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत सरावते.

गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन ही नेहमीची औषधे कमी-अधिक गुंगी आणतात. म्हणून निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन पाहावीत आणि त्यांच्यासोबत मद्य घेऊ नये. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान 4 तास आधी लावावी लागते व तिचा परिणाम 3 दिवसांपर्यंत राहतो, परंतु काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पट्टी हाताळल्यावर हात धुवावेत. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली विस्फारून दृष्टी धूसर होते. आल्याने काहींना बरे वाटते आणि अपाय सहसा होत नाही, मात्र खवळलेल्या समुद्रात केवळ त्यावर विसंबू नये.

प्रश्न : माझ्या पतींना मधुमेह व रक्तदाब असून ते इन्सुलिन घेतात. जहाजावर डॉक्टर असतात, मग आम्ही किती काळजी करावी?

उत्तर : डॉक्टर असतात, पण मोठे रुग्णालय नसते, हे लक्षात ठेवून तयारी करावी. मोठ्या जहाजांवरील दवाखान्यात साधारणपणे ईसीजी, क्ष-किरण, काही रक्ततपासण्या आणि तातडीचे उपचार होतात. अँजिओप्लास्टीसारखे उपचार किंवा मोठी शस्त्रक्रिया होत नाही, आणि रुग्णाला किनाऱ्यावर हलवणे अंतरावर व हवामानावर अवलंबून असते. हे हलवणे अतिशय खर्चिक पडते; म्हणून प्रवास-विम्यात त्याचा समावेश आहे का ते पाहावे आणि आधीचे आजार अर्जात स्पष्ट नोंदवावेत, नाहीतर नेमका दावा करण्याच्या वेळी अडचण येते.

सर्व औषधे हातातल्या बॅगेत असावीत. बंदरावर सोपवलेले सामान केबिनमध्ये पोहोचायला कित्येक तास लागू शकतात, आणि तेवढ्यात दुपारची मात्रा चुकते. प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची औषधे अधिक घ्यावीत, चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. न उघडलेल्या इन्सुलिनला थंडावा लागतो, पण ते गोठता कामा नये. केबिनमधील लहान फ्रिजवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यात खरोखर किती थंड होते ते पाहावे किंवा दवाखान्यात ठेवण्याची विनंती करावी. प्रवासात घड्याळ पुढे-मागे होणार असेल, तर मात्रांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून आणाव्यात.

त्यांना आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा : उलट्या-जुलाब झाल्यास कोणती गोळी थांबवायची? मेटफॉर्मिन, लघवी वाढवणारी औषधे आणि मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या शरीरातील पाणी कमी झालेले असताना अपाय करू शकतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचे नसते.

प्रश्न : डेकवरच्या गरम पाण्याच्या टबात बसणे सुरक्षित आहे का?

उत्तर : पाण्यातील जंतुनाशकाची पातळी नीट राखली जात असेल तर निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. पातळी घसरल्यास मात्र गरम पाण्यात लीजिओनेला जिवाणू वाढतात, आणि बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या तुषारांतून श्वासावाटे आत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. 1994 मध्ये एका प्रवासी जहाजावर अशा टबामुळे साथ झाली होती. पन्नाशीपुढील व्यक्ती, धूम्रपान करणारे आणि फुप्फुसांचा जुना विकार असलेले यांनी हा मोह टाळलेला बरा. लक्षणे साधारण 2 ते 14 दिवसांनी दिसतात, म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर. त्या काळात ताप व खोकला आला तर आपण जहाजावर होतो आणि टबात बसलो होतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, कारण या न्यूमोनियाची प्रतिजैविके वेगळी असतात.