आई आंघोळीला नको म्हणते तेव्हा

"आई आंघोळीला नकोच म्हणते. जबरदस्ती केली आणि पडली तर?" आई-वडील वृद्धाश्रमात असलेल्या मुलांचा हा प्रश्न वर्षभर येतो, पावसाळ्यात जरा जास्तच.

फोंडा तालुक्यातल्या एका आश्रमातल्या 78 वर्षांच्या मावशी. जूनमध्ये न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं, पण तेव्हापासून नुसतं अंग पुसून घेतात. पुण्याहून लेक म्हणाली, "हट्टी झालीय."

पहिल्या भेटीत मावशी माझ्याशी फरशीबद्दलच बोलल्या, म्हणून आधी न्हाणी सुधारली. पाट काढला. त्यावरून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि हात नळाकडे जातो. नळ काही माणसाचं वजन पेलायला बसवलेला नसतो. त्याजागी हातांची खुर्ची आणली. तिच्या पायांना रबरी टोप्या, उंची अशी की बसल्यावर पाऊल पूर्ण टेकेल. आधाराचा दांडा भिंतीत स्क्रूने पक्का बसवला. खालच्या चोषण-कपांनी फरशीला चिकटणारी चटई फरशीच्या सांध्यांवर धरत नाही, तीही गेली. तळव्यांना तेल लावायचं ते आंघोळीनंतर, खाटेवर बसूनच.

तरी नको ते नकोच.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "मावशी, घसरायच्या आधी काय करत होतात?"
"उठत होते."
"एवढी घाई?"
बराच वेळ पदराशी चाळा. मग हळूच, "दार नुसतं लोटलेलं. बाहेर पुरुषमाणसाचा आवाज आला. मी तशीच बसलेली गे."

म्हणजे फरशी निमित्त होती, घसरल्या त्या लाजेने. भीतीच्या आधी लाज चाचपावी, हे माझं जुनं मत. इथेही तेच निघालं.

मग क्रम बदलला. दाराला आतून पडदा, बाहेर 'आत आंघोळ चालू आहे' अशी पाटी. कडी मात्र आतून लावायची नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत पातळ पंचा, साबण त्याच्या आतून. रोज तीच केअरटेकर मुलगी, आणि पहिला तांब्या मावशींच्या हातात. साबण, टॉवेल, कपडे आधीच हाताशी, कारण "आलेच हं" म्हणून ती बाहेर गेली की मावशी उठणारच. न्हाणीत जाण्यापूर्वी दोन मिनिटं खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं. पाणी कोमट, 37–38 अंश. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर लगेच आंघोळ नको, ती याचसाठी. बोटांच्या बेचक्यांसकट पाय बसूनच कोरडे करायचे, समोरची फरशी पुसायची, रबरी सपाता घालायच्या, मग उठायचं. एवढं करूनही पडल्याच, तर काखेत हात घालून ओढायचं नाही. आधी कुठे दुखतंय ते विचारायचं.

लेकीला सांगितलं, फोनवर "आंघोळ केलीस का?" हा पहिला प्रश्न नको.

आता आठवड्यातून तीनदा आंघोळ होते. भाणातल्या, म्हणजे चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याची सर गिझरला नाही, ही कुरकुर चालूच आहे. तापमान आम्ही वाढवलेलं नाही.