स्पेनमधल्या रोंडाला एक दिवस आहे, गाइड न घेता फोटो काढत फिरायचं तर सुरुवात कुठून करावी?

सकाळी पूर्वेकडच्या क्युएन्का बागेतून सुरू करा आणि प्वेन्ते नुएवो पुलाचा दरीतून दिसणारा मोठा फोटो दुपारनंतरसाठीच ठेवा. कारण साधं आहे, ग्वादालेविन नदी पुलाखालून साधारण पूर्वेकडून पश्चिमेला जाते, त्यामुळे पुलाची एक बाजू सकाळच्या उन्हाकडे आणि दुसरी मावळतीकडे, आणि सगळे पोस्टकार्डवाले फोटो त्या मावळतीच्या बाजूचेच असतात. पूल १७९३ चा, उंची जवळपास ९८ मीटर, वरून वाकून त्याची उंची फोटोत येतच नाही, खाली उतरावंच लागतं. मधल्या वेळात प्वेन्ते व्येहो हा दुसरा, जुना पूल आणि त्याच्या जवळचे अरब हमाम, म्हणजे जुनी स्नानगृहं, बघा, छतातल्या चांदणीच्या आकाराच्या झरोक्यांतून ऊन आत येतं ते फारच सुंदर दिसतं, वाइड लेन्स असेल तर इथे नक्की काढा. मग जुन्या गावातून मारिया आउक्सिलियादोरा चौकात या, दरीत उतरायची वाट तिथूनच आहे. फक्त हिवाळ्यात सूर्य खूप खाली असतो, दरीत सावली लवकर पडते, तेव्हा जरा आधीच उतरा, आणि पाऊस झाला असेल तर घसरडं असतं म्हणून चांगले ग्रिपवाले बूट घालाच.