पट्टीवर प्रोटीन निल, कॅनमध्ये भरपूर, मग खोटा रिपोर्ट कुठला?

सांगली-मिरजेत पेशंटच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न सारखा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो. आजची गोष्ट तासगावकडच्या एका द्राक्षवाल्या घरातली आहे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

आबा साठीच्या पुढचे. पाठ दुखते म्हणून कित्येक महिने मेडिकलमधनं गोळ्या आणून खात होते, घरच्यांना वाटलं वय झालं, बागेतलं काम आहे, दुखणारच की. मग दम लागायला लागला, हिमोग्लोबिन कमी निघालं, क्रिएटिनिन (किडनी नीट चालेना की रक्तात साठतं ते) वाढलेलं, पण लघवीच्या साध्या पट्टीच्या तपासणीत प्रोटीन निल. मिरजेच्या डॉक्टरांनी तरीही चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायला सांगितली आणि त्यात ग्रॅमच्या हिशोबात प्रोटीन निघालं. मुलगा दोन्ही कागद माझ्यासमोर आपटून म्हणाला, "मॅडम, यातली एक लॅब फसवतीय आम्हाला."

कुणीच फसवत नव्हतं. लघवीत बुडवायची जी पट्टी असते ना ती मुख्यतः अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन ओळखते, शुगर किंवा बीपीनं किडनी खराब झाली की जे सांडतं ते. आबांच्या लघवीत होतं ते वेगळंच. आपल्या बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, प्लाझ्मा पेशी असतात, त्या जंतूंशी लढायला अँटीबॉडी बनवतात, आणि प्रत्येक अँटीबॉडीत दोन जड नि दोन हलक्या साखळ्या असतात. यातली एकच पेशी बिघडून वाढत सुटली तर ती एकाच छापाच्या हलक्या साखळ्या, म्हणजे लाइट चेन, ढिगानं रक्तात सोडते. ही साखळी अल्ब्युमिनच्या साधारण तिसरा हिस्सा वजनाची, त्यामुळं किडनीच्या गाळणीतनं आरामात खाली उतरते, आणि पट्टीला ती बहुतेक दिसतच नाही. थोडी असेल तर किडनी परत शोषून घेते, पण फार झाली की आतल्या बारीक नळ्यांत तिचे गठ्ठे जमतात आणि किडनी बसते. त्यात वरनं पेनकिलर! मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण दुखणं असतं हाडांचं आणि त्यावरची गोळी किडनीला आणखी मारते.

रिपोर्टवर 'बेन्स जोन्स प्रोटीन' दिसलं तर ते हेच. १८४५ साली लंडनमध्ये हाडं दुखणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या लघवीत हा प्रकार दिसला, तापवली की गढूळ, उकळायला आली की परत स्वच्छ, गार झाली की पुन्हा गढूळ. ती लाइट चेन आहे हे पक्कं व्हायला १९६२ उजाडलं. आता तापवत बसत नाहीत, रक्ताची आणि लघवीची इलेक्ट्रोफोरेसिस (प्रोटीन वेगवेगळी करून बघायची तपासणी), इम्युनोफिक्सेशन (त्यातलं बिघडलेलं प्रोटीन कुठल्या जातीचं ते ठरवायची) आणि रक्तातली फ्री, म्हणजे सुटी, लाइट चेन, असं बघतात. आबांच्या रिपोर्टात एम-बँड, म्हणजे एकाच छापाच्या प्रोटीनचा पट्टा, निघाला, पुढं बोन मॅरो तपासला आणि मल्टिपल मायलोमा, म्हणजे याच प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, ठरला.

पण हे वाचून कुणी लगेच घाबरू नका. लघवीत प्रोटीन निघालेल्या बहुतेकांना हा आजार नसतोच, डायबेटिस, बीपी, इन्फेक्शन, ताप अशी कारणं कितीतरी जास्त. नुसता एम-बँड म्हणजेसुद्धा कॅन्सर नव्हे. पन्नाशीपुढच्या शंभरातल्या साधारण तिघांत तो सापडतो, आणि त्यातल्या वर्षाला एखाद टक्का लोकांचाच आजार पुढं सरकतो, बाकीच्यांना फक्त ठरावीक काळानं तपासत राहायचं. या मुलाला स्वतःच्या लघवीला फेस दिसायला लागला होता, बायको म्हणे आबांची भांडी वेगळी ठेवू का. त्याला सांगितलं, हा आजार लागत नाही, आणि फेस प्रोटीननं येतो तसा जोराच्या धारेनंही येतो, रोजच येत असेल तर तपासून घे, मनात कुढत बसू नको.

खरी अडचण पुढं होती. "आबांना कॅन्सर शब्द सांगू नका, खचतील." घरच्यांची माया कळते मला, पण मला हे पटत नाही. ज्या माणसाला चोवीस तास कॅनमध्ये लघवी धरायला लावली, सकाळची पहिली सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची असं चारचौघांत समजावलं, लाजून कॅन टॉवेलात गुंडाळून ज्यानं एसटीनं आणला, त्याला काही कळलेलं नसेल असं कसं धरायचं? मुलाला म्हटलं, आपण आधी त्यांनाच विचारू की किती ऐकायचंय.

विचारलं तर आबा म्हणाले, "पोरी, रक्ताचं कायतरी हाय न्हवं? सांग सरळ." मग सांगितलं. हा मुळातनं जाईलच असं नाही, पण औषधांनी बऱ्याच जणांचा वर्षानुवर्षं ताब्यात राहतो, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन असतं, सोबत गोळ्या आणि स्टेरॉइड, स्टेरॉइडच्या दिवशी झोप उडते. खर्चाचं सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारायचं. दुखलं तरी मेडिकलमधनं गोळी आणायची नाही, डॉक्टर देतील तीच.

ऐकून आबा रडले, मुलगा पण रडला, आणि मग आबांनीच डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नातीकडून वहीत लिहून घेतले: किडनी कितपत सुधरंल, इंजेक्शन कुठल्या वारी, द्राक्षाच्या खरड छाटणीला उभं राहता येईल का, आणि फवारणी चालू असताना बागेत गेलं तर चालतंय का.