डाउनलोड झालं की झोप येते

पर्सचा मधला कप्पा उघडून तिने तीन पेन ड्राइव्ह टेबलावर मांडले. एकाला लाल दोरा, एकाला पांढरी चिकटपट्टी, तिसरा तसाच. "यात माझी पीएचडी आहे, मॅडम," ती म्हणाली, "आणि मला ती सापडत नाहीये."

संशोधक विद्यार्थ्यांचं समुपदेशन करताना गाइडबद्दलच्या तक्रारी आणि अडकलेली फेलोशिप यांच्या खालोखाल मी ऐकते ती हीच गोष्ट. खूप जमवलंय, काय कुठे आहे ते कळत नाही, जे वाचलंय ते पुरेसं वाटत नाही, आणि लिहायला बसलं की छातीत धडधडतं. तिची हकिकत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

वय सदतीस. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. प्रबंधाचा विषय, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रिया, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि घरातले निर्णय. नोंदणीचं पाचवं वर्ष. दोन प्रकरणांचा कच्चा खर्डा होऊन तीन वर्षं झाली, त्यानंतर एक पान नाही. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहायचं, 'साहित्याचा आढावा चालू आहे' म्हणायचं आणि घरी येऊन दोन दिवस नीट जेवायचं नाही. महिला संशोधकांना मुदतीत दोन वर्षं जादा मिळू शकतात हे तिला ठाऊक होतं. पण अर्ज केला नव्हता. "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

पहिल्या दिवशी मी पेन ड्राइव्हला हात लावला नाही.

"रोज साधारण किती फाइली उतरवता?"

"एक-दोन. रात्री अकरानंतर, सगळं आवरलं की."

"आणि मग?"

"मग झोप येते."

"वाचता वाचता?"

त्या तासात ती पहिल्यांदाच हसली. "नाही हो मॅडम. डाउनलोड झालं की झोप येते."

हे सुरू कधी झालं याचं उत्तर तिच्याकडे तारखेसकट होतं. तीन वर्षांपूर्वी एका परिसंवादात तिने निबंध वाचला. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि त्यांनी एका लेखाचं नाव घेतलं. "वाचलाय का हा? नाही? मग तुम्ही बोलताय कशाच्या आधारावर?" त्या रात्री तिने चाळीस फाइली उतरवल्या. तो लेखही त्यात होता. उघडला मात्र नव्हता, आजतागायत.

म्हणजे गेली तीन वर्षं रोज रात्री ती त्या गृहस्थांना उत्तर देत होती. अशा माणसाला 'आधी पसारा आवरा, वेळापत्रक करा' म्हणणं मला पटत नाही. पसाऱ्याचं तिच्याकडे काम होतं. तो तिला झोपवत होता. तो काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी द्यायला हवं. मला वाटलं, आधी निदान एक आकडा देऊ. किती जमलंय आणि त्यातलं किती वाचलंय, हेच तिला माहीत नव्हतं. न मोजलेल्या ढिगाची भीती वाटतच राहते.

दुसऱ्या भेटीला ती लॅपटॉप घेऊन आली आणि आम्ही त्यावर झोटेरो बसवलं. संदर्भ सांभाळणारं हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालं. ते फुकट आहे, आणि तासिकेच्या मानधनात तोच मुद्दा मोठा. एन्डनोट या तशाच सॉफ्टवेअरला पैसे पडतात. मेंडेले हे तिसरं फुकट वापरता येतं, २०१३ पासून ते एल्सेविअर या प्रकाशन कंपनीचं आहे. माझा झोटेरोचा आग्रह नाही. मेंडेलेवर सुखाने पीएचडी झालेली माणसं मी पाहिली आहेत.

तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता सगळं परत उतरवायचं?" नाही. पेन ड्राइव्हवरच्या फाइली उचलून झोटेरोच्या खिडकीत सोडल्या की ते प्रत्येकीचा तपशील स्वतः शोधायला लागतं. इंग्रजी नियतकालिकातला लेख असेल आणि त्यावर डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल, तर लेखक, वर्ष, अंक, पानं हे सगळं दोन-चार सेकंदांत भरलं जातं. पुढे नवीन काही सापडलं तर ब्राउझरच्या कोपऱ्यातलं झोटेरोचं बटण दाबायचं, नोंद आणि फाइल एकदमच आत येतात. पुस्तक हातात असेल तर नुसता आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकला तरी बहुतेक वेळा भागतं.

मराठीपाशी मात्र हे घोडं अडतं. जुन्या फाँटमधल्या पीडीएफ असतात. डोळ्यांना 'ऊसतोड' दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही, कारण आतली अक्षरं भलतीच असतात. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो. कात्रणांवर तर तारीखसुद्धा असेल तर नशीब. या सगळ्यांची नोंद हाताने, युनिकोडमध्ये करायची, त्याला पर्याय नाही. ती कुरकुरली तेव्हा मी तिला माझं सांगितलं. माझा प्रबंध बुटांच्या खोक्यातल्या कार्डांवर झाला. चार अवतरणांचे पान क्रमांक लिहायचे राहिले होते. सबमिशनच्या आठवड्यात त्या चार आकड्यांसाठी मी पुण्याहून मुंबईच्या ग्रंथालयात गेले, आणि त्यातलं एक पुस्तक बांधणीला गेलेलं होतं.

काम एवढंच ठरलं: रोज रात्री अकरा वाजता डाउनलोडऐवजी साठेक फाइली आत घ्यायच्या. तीनच कप्पे, 'वाचलं', 'वाचायचं' आणि 'नको'.

पहिल्या आठवड्याअखेर एक गंमत झाली. तिन्ही पेन ड्राइव्ह मिळून १,८४६ फाइली होत्या. हा आकडा ऐकून ती खचेल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. तिने शोधगंगेवरून एकतीस प्रबंध उतरवले होते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात प्रबंध बहुधा प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेला असतो. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, अनुक्रमणिका वेगळी. तिच्याकडे '०१_टायटल' नावाच्या एकतीस फाइली होत्या! एका प्रबंधाची एकच नोंद करून सगळे तुकडे तिला जोडले, तसे चारशेच्या वर फाइलींचे एकतीस संदर्भ झाले. मग दुबार नोंदींचा कप्पा उघडला. झोटेरो तो आपोआप भरतं. एकच लेख तिने चार वेळा उतरवलेला होता, चार वेगवेगळ्या रात्री.

आणि मग कात्रणं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये बराच गदारोळ झाला, राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. त्या विषयावरची तिची सात कात्रणं होती, मराठी आणि इंग्रजी. शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर तिच्याच लक्षात आलं की सातही जणांनी आकडे एकाच अहवालातून घेतलेत. "म्हणजे हे सात नाहीतच. हा एकच आहे, आणि तो माझ्याकडे नाही." आढाव्यात तिने त्याच आकड्यांना तीन वर्तमानपत्रांचा आधार दिला होता. मूळ अहवाल मिळवणं हे तिचं गेल्या तीन वर्षांतलं पहिलं असं काम होतं, ज्याला शेवट होता.

महिन्याभरात हिशेब लागला. ६१२ संदर्भ, त्यांपैकी वाचलेले ९७.

"फक्त सत्त्याण्णव," ती म्हणाली.

"सत्त्याण्णव," मी म्हणाले. 'फक्त' मी गाळला, तिलाही ते कळलं.

त्याच दिवशी आणखी एक भीती बाहेर आली, जी मी पुष्कळांकडून ऐकते. संदर्भसूची जितकी मोठी, तितका प्लॅजरिझमचा, म्हणजे वाङ्मयचौर्याचा, टक्का वाढणार, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. म्हणून ती एकीकडे ढीग वाढवत होती आणि दुसरीकडे लिहिताना संदर्भ गाळत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आम्ही तिथेच उघडून वाचले. साधर्म्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश वगळायचे असतात. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूरही वगळायचा असतो. १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. धोका आहे तो दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं म्हणून घालण्यात, आणि ते बहुतेकदा लबाडीने होत नाही, वहीत उतरवून घेताना अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक लिहायचा राहतो तिथे होतं. झोटेरोत पीडीएफ वाचताना रंगवलेल्या ओळी टिपणात ओढून घेतल्या तर पान क्रमांक त्यांच्यासोबतच येतो. माझा बुटांचा खोका हे करत नव्हता.

इथे माझीही एक चूक झाली. सहाव्या भेटीत तिने स्क्रीन दाखवली तर ती दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखी सजलेली. रंगीत टॅग, उपकप्पे, उपकप्प्यांचे उपकप्पे. मी मनापासून कौतुक केलं. पुढच्या भेटीला आणखी चार रंग. त्याच्या पुढच्या भेटीत माझी ट्यूब पेटली. लिहून किती झालं हे मी विचारलंच नव्हतं, आणि 'नको'च्या कप्प्यात अजून एकही नोंद नव्हती. डाउनलोडची जागा टॅगांनी घेतली होती. झोप तशीच येत होती.

तेव्हा क्रम उलटा केला. रात्रीचा झोटेरो बंद. सकाळी मुलाची शाळेची रिक्षा गेल्यावर चाळीस मिनिटं, इंटरनेट काढून, नुसतं लिहायचं. संदर्भ लागेल तिथे रिकामा कंस सोडायचा आणि पुढे जायचं. झोटेरो संध्याकाळी उघडायचं, तेही त्या दिवसाचे कंस भरण्यापुरतं. वर्डमध्ये झोटेरोची पट्टी येते. तिथून नाव निवडलं की कंस भरतो आणि शेवटची सूची आपोआप तयार होते.

पहिल्या दिवशी आठ ओळी आणि पाच कंस. त्यातले दोन कंस कधीच भरले नाहीत. ती नावं तिला एका एआय चॅटने दिली होती. तिथे मिळालेले डीओआय झोटेरोत टाकले तर एकाचं काहीच सापडलं नाही आणि दुसऱ्याखाली माशांच्या पैदाशीवरचा लेख निघाला. तिने ती वाक्यंच काढून टाकली. तयार सूचीत एक नाव मात्र असं आलं की आम्ही दोघी हसून थकलो: 'शासन, म.' महाराष्ट्र शासनाचं आडनाव शासन आणि नाव महाराष्ट्र, असं धरून झोटेरोने ते एपीए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीत (आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर) बसवलं होतं. संस्थेचं नाव लिहिताना लेखकाचे दोन रकाने बटण दाबून एक करावे लागतात. त्यानंतर बराच काळ ती मेसेजमध्ये सरकारचा उल्लेख 'शासनकाका' असा करायची.

बारीकसारीक अडचणी नंतरही आल्या. फाइलींसाठी फुकटची ऑनलाइन जागा ३०० एमबीच, ती चौथ्या आठवड्यात भरली. तेव्हा नोंदींचंच सिंक चालू ठेवलं आणि झोटेरोचा अख्खा फोल्डर, प्रोग्राम बंद करून, दर रविवारी लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. तिच्या विद्यापीठाला मराठी आणि इंग्रजी सूची वेगवेगळ्या हव्या होत्या. झोटेरो एकच करतं. ते काम अगदी शेवटी, फाइलीची दुसरी प्रत काढून आणि झोटेरोशी असलेला दुवा तोडून हाताने करायचं. मूळ प्रतीत तो दुवा कधी तोडायचा नाही, कारण एकदा तुटला की परत जुळत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. उचलीवरचं प्रकरण लिहिताना एका सकाळी तिचे कंस संपले. सलग तीन पानं, एकही कंस नाही. ती घाबरून फोनवर म्हणाली, "मॅडम, इथे आधारच नाहीये कशाचा."

"मग हे लिहिलंत कशावरून?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "वह्यांवरून."

पहिल्या दोन वर्षांत केलेल्या एकेचाळीस मुलाखती. सहा वह्या, कपाटात, साड्यांच्या खाली. पेन ड्राइव्हवर नाहीत, झोटेरोत नाहीत. पाच महिन्यांत मला त्यांचा पत्ता नव्हता, कारण तिने त्या 'संदर्भ' म्हणून मोजल्याच नव्हत्या. परिसंवादातल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्या वह्यांत तेव्हाही होतं.

"या झोटेरोत घालू का?" तिने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नाही. सूचीत जातात ती दुसऱ्यांची कामं. ही माझी सामग्री आहे. ही संशोधन पद्धतीच्या प्रकरणात येईल."

मुदतवाढीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात केला. कारणाच्या रकान्यात एक ओळ: क्षेत्रकार्यातील मुलाखतींचे विश्लेषण अपूर्ण.

आता आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. मागच्या भेटीत 'नको'च्या कप्प्यात दोनशेच्या वर नोंदी होत्या. त्यातली सगळ्यात वरची तिने बोट ठेवून दाखवली. तो लेख. तीन वर्षांनी एका दुपारी तिने तो उघडला, चहा गार व्हायच्या आत वाचून झाला. अकरा पानं. दुसऱ्या राज्यातल्या भातशेतीच्या मजुरीवर.

"चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्या कामाचा नाही."