जुन्या पिकअपच्या हौद्यापासून ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलर घरच्या घरी बनवता येईल का? खर्च किती येतो?

तुम्ही लिहिलंय की परभणीत एका भंगारवाल्याकडे पिकअपचा हौदा मागच्या चाकांसकट ३५ हजारांना मिळतोय, ओढायला घरची जुनी बोलेरो आहे आणि परदेशातले व्हिडिओ बघून हात शिवशिवतायत. तीन वर्षांपूर्वी माझं अगदी हेच झालं होतं. ट्रेलर बनवता येतो, मी बनवलाय. फक्त मी ज्या क्रमानं बनवला त्या क्रमानं तुम्ही बनवू नका.

मी लातूरचा. चुलतभावाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. मी कागदावर सगळं काढून नेलं होतं. ओटा, फ्रिज, अंघोळीचा फवारा, मागे झेंड्यासारखी उघडणारी ताडपत्री. तिथल्या मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "सर, ट्रॉली करलालाव का घर बांधलालाव?" मी हसण्यावारी नेलं. व्हिडिओवाल्यापेक्षा हा माणूस जास्त जाणतो, हे कळायला पुढं बरेच पैसे गेले. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या खड्ड्यातून, पाणंदीतून, ओढ्यातून कारखान्यापर्यंत जातात, त्या याच लोकांच्या हातच्या असतात. ऑफ-रोड हा शब्द त्यांनी ऐकलेला नसेल, काम तेच आहे.

आता हौद्याबद्दल. पत्रा वरून गंजलेला असला तर घाबरू नका, तो बदलता येतो. खाली झोपून चासीचे दोन चॅनेल बघा. कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे टांगलेले असतात तिथं हातोडीनं ठोका. टणक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज येऊन खपल्या पडायला लागल्या तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी. दुसरं म्हणजे त्या पिकअपची आरसी रद्द झाल्याचा कागद मागा. कागद नसेल तर नंबर अजून कुणाच्या तरी नावावर जिवंत असू शकतो, आणि त्या गाडीचं पूर्वी काय झालं होतं ते तुम्हाला माहीत नाही. भंगारवाला "कागद काय करता साहेब" म्हणेल. तरी मागाच.

मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, आहे तसा ठेवायचा की नाही, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. पिकअपच्या एक्सलमध्ये मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरचा, मोठा गोळा असतो. ट्रेलरला त्याचा उपयोग शून्य. वजन मात्र पुरेपूर, आणि सगळ्यात खाली लोंबतो तो, म्हणजे दगडावर पहिला तोच आपटणार. आतले शाफ्ट काढून चाकं मोकळी फिरवता येतील का, हे एक्सल कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरतं. काही गाड्यांत चाक हबच्या बेअरिंगवर तोललेलं असतं, तिथं शाफ्ट ओढून काढता येतो. काहींत चाक शाफ्टवरच बसवलेलं असतं, तिथं शाफ्ट काढला की चाकही गेलं. शेवटी आम्ही तो एक्सल भंगारात परत दिला आणि ट्रॉलीला घालतात तसा सरळ चौकोनी दांड्याचा एक्सल घातला. हब असे निवडले की बोलेरोचंच चाक बसावं, म्हणजे एक स्टेपनी दोघांना पुरते. एकाच कंपनीची गाडी आहे म्हणून नटांचं माप जुळेलच असं धरू नका. चाक नेऊन बसवून बघा.

दोन चाकांमधलं अंतर ओढणाऱ्या गाडीइतकंच ठेवा. आपल्या काळ्या मातीत याला फार महत्त्व आहे. पावसानंतर पुढच्या गाडीनं चाकोरी पाडलेली असते. ट्रेलरची चाकं त्याच चाकोरीतून आली तर गाडीला ओझं कमी. चार बोटं जरी आत-बाहेर असली तरी तो स्वतःची नवी चाकोरी नांगरत येतो. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा सोडा. काळी माती टायरला गुंडाळत जाते आणि मडगार्डखाली ठासून बसते, मग चाक फिरत नाही, घसरत येतं. हे मी सांगायला नको, परभणीची माणसं ही माती माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

कमानीला सात पाटे होते. हौदा सव्वा-दीड टन मालासाठी बनलेला, आपण त्यात गाद्या आणि भांडी टाकणार. सात पाट्यांवर तो रिकाम्या बैलगाडीसारखा उडतो. पहिल्या फेरीत अंड्यांचा अख्खा ट्रे फुटला. आम्ही तीन पाटे काढले, टायरची हवाही बरीच कमी केली, तेव्हा कुठं जमिनीवर राहायला लागला. पाटे काढल्यावर ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून हबला हात लावून बघायची सवय लावा. चटका बसला तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस संपलंय. ओढ्याच्या पाण्यातून गेल्यावर तर बघाच.

ओढायची दांडी हौद्याच्या पुढच्या कडेला वेल्ड करून मोकळे होऊ नका. हौद्याचा पत्रा माल धरायला असतो, ओढ सोसायला नाही. इंग्रजी ए अक्षरासारखे दोन पाईप पुढून आत, पार कमानीच्या टांगणीपर्यंत गेले पाहिजेत. आम्ही १०० बाय ५० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा पाईप वापरला. जोडावर आडवी सरळ वेल्ड मारली की नेमकं तिथंच पुढं तडकतं, म्हणून मिस्त्रींनी शंकरपाळ्याच्या आकाराच्या पट्ट्या वरून मारल्या. हुकापासून एक्सलपर्यंत साधारण दहा फूट ठेवलं. आखूड दांडी रिव्हर्स घेताना पटकन दुमडते आणि गाडीचा मागचा दिवा घेऊन जाते. (माझा एक गेला.)

हूक बंपरला लावू नका, चासीलाच बोल्ट करा. बोलेरोला शिडीसारखी चासी आहे म्हणून हे सोपं आहे, नुसत्या पत्र्याच्या बॉडीच्या गाड्यांना इतकं सोपं नसतं. हुकाचा साधा ५० मिलिमीटरचा गोळा डांबरीवर ठीक, पण नाल्यात ट्रेलर एका अंगावर कलला की गोळा आणि त्यावरची वाटी एकमेकांत अडतात. ट्रॉलीची पिन सगळीकडे कलते, पण खडखडून कान किटवते. आम्ही जाड गोल कडी आणि तिच्यामागे फिरणारा शाफ्ट असं लेथवाल्याकडून करून घेतलं. ही एकच जागा आहे जिथं स्वस्तातला जुगाड करू नये. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना फुली मारून बांधा. हूक निसटलाच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही.

आता माझी फसगत. साठ लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी, स्टेपनी, स्वयंपाकाचं सगळं सामान मी मागे ठेवलं होतं, फाळक्यापाशी. का, तर फाळका खाली पाडला की ओटा होतो आणि सगळं हाताशी. बार्शीच्या रस्त्याला उतारावर वेग साठ-पासष्ट झाला असेल, आणि मागून गाडीला कुणीतरी डावी-उजवीकडे हलवतंय असं वाटायला लागलं. आरशात बघितलं तर ट्रेलर शेपटी हलवत होता, आणि हलणं वाढत चाललेलं. बायको शेजारी, मुलगी मागे. नशीब, की ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग उतरला तसा तो शांत झाला. हात थरथरायचे थांबायला चहाचे दोन कप लागले.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांचं वय ७४, आयुष्यभर शेती. ते ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले, दांडी एका हातानं उचलली आणि म्हणाले, "गाडी उलाळ भरलास की तू."

उलाळ म्हणजे मागे जड. बैलगाडीत माल मागे झाला की दांडी वर उचलली जाते, जू बैलाच्या मानेवरून सुटायला बघतं. माल पुढं फार झाला तर मान मोडते. मानेवर थोडं ओझं राहील असं भरायचं. इंग्रजी पुस्तकं याच गोष्टीला आकडा लावतात, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर यावं. मी मोंढ्यातल्या ओळखीच्या आडतीवरून काटा आणला आणि दांडी त्यावर ठेवली. तीस किलो. वे-ब्रिजवर सामानासकट सगळा ट्रेलर भरला ६४० किलो, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. टाकी, बॅटरी आणि स्टेपनी पुढं आणली, दांडीवर ७५ किलो आलं. त्यानंतर तो कधी हलला नाही. या फेरफाराला ११ हजार गेले, कारण टाकीचं नळकाम आणि बॅटरीची पेटी दोन्ही तोडून परत करावी लागली. म्हणून आधी वजनं मांडा. रिकाम्या सांगाड्यावर वाळूची पोती ठेवून काट्यावर बघा, मग वेल्डिंग पक्कं करा.

बाकीचं थोडक्यात. धूळ मागच्या फाळक्यातून आत ओढली जाते, नुसत्या रबरानं थांबत नाही. पुढच्या बाजूला जाळी लावलेलं छोटं झाकण चालताना उघडं ठेवलं की आत हवा भरलेली राहते आणि धूळ शिरत नाही. गॅसची टाकी पुढे, बाहेर, तळाला भोकं असलेल्या पेटीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. आत शेगडी कधीच पेटवू नका. झोपायला हौद्यावर प्लायवूड, वर कॅनव्हास. मे महिन्यात लोखंडी हौद्याचा तवा होतो, पांढरा रंग आणि आतून फोम लावूनही. दिवाळी ते शिवरात्र हाच काय तो हंगाम. पाण्याचं म्हणाल तर आम्ही लातूरकर, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं, साठ लिटरमध्ये चौघं तीन दिवस काढतात. फवाऱ्याचा विषय तिथंच संपला.

आणि दिवे. सात पिनचा सॉकेट, ब्रेक, इंडिकेटर, मागे लाल रिफ्लेक्टर, सगळं लावा. अंधारात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेले लोक आपल्या प्रत्येक गावात आहेत.

आता जे मी सगळ्यात शेवटी विचारलं आणि तुम्ही सगळ्यात आधी विचारायला हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे नोंदणी आणि विमा नसताना तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मी ट्रेलर तयार करून, दोन फेऱ्या मारून मग आरटीओ कार्यालयात गेलो. त्या दोन फेऱ्या चुकीच्याच होत्या, काही झालं असतं तर विम्याचा एक रुपया मिळाला नसता. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की ट्रेलरच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, घरी केलेल्या एका नगाला नंबर देता येणार नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे कागद लावून कारमागे ओढता येईल, असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

त्यामुळे तुम्हाला कोकणात, गोव्याला ट्रेलर न्यायचा असेल तर मान्यता असलेल्या उत्पादकाकडूनच घ्या. महाग पडेल. स्वतःच्या शेतात, माळावर वापरायचा असेल तर तो ३५ हजारांचा हौदा घ्या, पण भंगारवाल्याला सांगा की एक्सल तुझ्याकडेच ठेव आणि २५ ला दे. मला सगळं मिळून १ लाख ३० हजारांच्या आसपास पडलं, त्यात दोन तृतीयांश लोखंड आणि मजुरी.

माझा ट्रेलर आता शेतात असतो. सुट्टीत आम्ही तो आमच्याच शेतातून मुरमाड माळावर ओढत नेतो, तिथून मांजरेच्या खोऱ्यातले दिवे दिसतात. एरवी रब्बीत रात्रीची लाईट असली की धाकटा भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला जातो आणि मोटार चालू करून त्यातच झोपतो. फ्रिजसाठी केलेल्या कप्प्यात त्यानं स्टार्टरचे फ्यूज आणि हातातली बॅटरी ठेवलीय.